जमीन कुठून धरायची

मी घरं बांधतो ती हवेची.
चार काठ्या ॲल्युमिनियमच्या, ओळंब्यात,
टोकाला छपराचा उतार दाखवणारी पट्टी,
आणि तीस दिवस.
ज्याला जे बोलायचं ते त्यानं बोलावं.
ग्लारुसच्या या खोऱ्यात रीतच आहे,
विटांच्या आधी रिकामपण उभं करायचं
आणि शेजाऱ्यांना म्हणायचं, बघा, एवढं.

नियम अकरा मीटरचा. मूळ जमिनीपासून आढ्यापर्यंत.
कास्पर श्टुस्सीचं आढं बरोबर अकराला टेकलेलं,
वर एक बोटही नाही. मी स्वतः मोजलं.
माळ्यावर खोली हवी होती आनिनासाठी,
पोर सात वर्षांची, गुडघे कायम खरचटलेले.

समोर एल्सबेथ लुक्सिंगर.
कॉफीला म्हणून बोलावलं, आणि दाखवलं टेबल.
मेणकापडावर पेन्सिलीच्या रेघा, शेजारी तारखा:
इथवर ऊन येतं नोव्हेंबरात, इथवर फेब्रुवारीत,
मधले सात आठवडे नाहीच, ते डोंगर खातो.
‘डोंगराला नियम नाही,’ ती म्हणाली,
‘त्याच्याशी माझं भांडणही नाही.’
माझ्या काठीची सावली तेव्हा
मिठाच्या बरणीवरून चालली होती,
सुतळीएवढी बारीक.
आम्ही दोघंही तिच्याकडे बघत बसलो.
कॉफी निवली.

हरकतीच्या अर्जात तिनं उन्हाबद्दल अक्षर लिहिलं नाही.
एकच ओळ: जमीन खोटी आहे.

बांधकाम खात्याचा तरुण नकाशा घेऊन आला.
एल्सबेथ कुदळ घेऊन आली.
ओढा फुगला तेव्हा ती नऊ वर्षांची होती.
गोटे, चिखल, कुणाचं तरी कोंबड्यांचं खुराडं,
सगळं या कुरणात येऊन बसलं ते बसलंच.
मोठ्यांनी वरून माती पसरली, गवत पेरलं,
आणि पुढच्या उन्हाळ्यात गाई चरू लागल्या.
‘तुमचं शून्य,’ ती त्या पोराला म्हणाली,
‘गाळावर उभं आहे.’

मग खणलं. मीच खणलं, काठ्यांच्याच मजुरीत.
आधी मुळं, मग गोटे,
गोट्यांखाली गोटे, एक गंजका डबा,
आणि कमरेच्या खाली एकाएकी काळी माती,
मऊ, वासाची,
तिच्यात बटाट्यांच्या वाफ्याची दगडी कड.
एक मीटर दहा. तरुणानं दोनदा टेप लावली.
उंचीचं भांडण माणसं मान वर करून भांडतात;
आम्ही चौघं खड्ड्यात डोकावत होतो.

कास्पर बराच वेळ गप्प. मग एवढंच:
‘आजोबांनी पूर बघितला असणार.
बोलले नाहीत कधी.’

सोमवारी पट्ट्या खाली आणायला गेलो.
माळ्यावर आता सुटकेसी मावतील, बिछाना नाही.
एल्सबेथ खिडकीत नव्हती.
पडदा ओढलेला, भर उन्हाचा.

खड्डा बुजवायचं कुणी बोललं नव्हतं.
आनिना आत उतरून उभी होती,
नाक नेमकं गवताच्या रेषेत.
‘माझी खोली इथे होणार का?’
मी शिडीवर, तोंडात दोन बोल्ट.
ते काढून म्हटलं, मी फक्त काठ्या लावतो गं.

‘मग इथे लाव ना,’ ती म्हणाली.