खालच्या बाजूला चार भोकं

हेंटीज बेला पहाटे समुद्रावरून धुकं येतं
आणि उघड्या लोखंडाला चाटत बसतं.
काल संध्याकाळी वेल्डिंग संपवून बंपर स्टँडवर ठेवला,
चार मिलिमीटर जाड, राखाडी,
शाळेच्या पहिल्या दिवसाइतका कोरा.
सकाळी पाहते तर कडांवर नारिंगी.
एका रात्रीत.
इथं लोखंडाला बाळसं धरायलाही वेळ मिळत नाही.

गॉटलीब नारुसेब दारातूनच विचारतो,
"मेमे सेल्मा, टिकेल असा रंग कोणता?"
सगळ्यांना हाच प्रश्न सुचतो.
कशापुढे टिकायचं, ते कोणी सांगत नाही.

म्हणून मीच सांगते:
पावडर कोटिंग भट्टीतून निघतं ते आरशासारखं.
मग मिठाच्या रस्त्यावर पुढच्या पिकअपचं चाक
एक खडा उडवतं. तिळाएवढा टवका, बस्स.
त्या तिळातून ओल आत शिरते,
वरची कातडी चकचकीतच राहते
आणि खाली गंज वाळवीसारखा पसरतो.
जस्ताच्या कढईत बुडवायचं तर विंडहुक गाठायला हवं,
जाण्यायेण्याचं डिझेल, वर तिथली रांग.
लायनर जाड, गेंड्याच्या पाठीसारखा,
पण एकदा सुटला की खरवडताना माझी नखं जातात.
जवसाचं तेल? ते शेतावरच्या फाटकाला. समुद्राला नाही.
स्प्रेचा डबा स्वस्त; दर महिन्याला मारशील?
तो हसतो. मारणार नाही.

जुना बंपर त्यानं मागे टाकून आणलाय.
स्वाकोपमुंडला चढवलेली पावडर, तीन वर्षं झाली,
अजून तिच्यात माझा चष्मा दिसतो.
"याला काय झालंय? मालक उगाच म्हणतो बदल."
मी स्क्रूड्रायव्हर टेकवते. जोर लावतही नाही.
पावात जावा तसा जातो.

खालची नळी कापली तेव्हा
दोन मुठी वाळू पडली, ओली, काळी,
शिंपल्यांचा चुरा,
समुद्री गवताची एक दोरी.
रस्त्यावरचं मीठ शिंपले घेऊन येत नाही.
मी काही बोलले नाही. ग्राइंडर बंद केला.

मग तो बोलला, जमिनीकडे बघत:
दोन वर्षांपूर्वी, गळ टाकणारे पाहुणे सोडून
किनाऱ्याकिनाऱ्यानं परतताना
भरतीनं गाडी धरली. बॉनेटपर्यंत पाणी.
दोघा अनोळखी माणसांनी दोर लावून ओढली.
रात्रभर तो ती गोड्या पाण्यानं धूत होता,
पाण्याच्या कार्डावरचे महिन्याचे पैसे त्यात गेले.
सीटा उन्हात वाळवल्या. मालकाला सांगितलं नाही.
बायकोलाही नाही.
बाहेरून सगळं स्वच्छ झालं होतं.
पाणी राहिलं ते नळीच्या आत,
आणि लोखंडानं दुखणं अंगावर काढलं.

मी त्याला चहा दिला. साखर तीन चमचे.

माझे वडील वॉल्विस बेच्या गोदीत ट्रॉलर रंगवायचे.
म्हणायचे, रंगाचा पहिला हात खरवडण्याचा.
कारखान्यात लाटताना धरलेली निळसर खपली
मी वाळूच्या माऱ्यानं सगळी काढली,
पुसलं, मग कोणाला बोट लावू दिलं नाही.
त्याच दिवशी, धुकं यायच्या आत, जस्ताचा प्रायमर.
जस्त आधी स्वतः झिजतं, म्हणून लोखंड उरतं.
कौतुक नको; त्याचा स्वभावच तो.
वर इपॉक्सी. त्यावर काळा, मॅट,
कुठल्याही दुकानात मिळणारा.
आणि नळीच्या पोटाशी, खालच्या बाजूला
बारा मिलिमीटरची चार भोकं.

"भोकं? नव्या बंपरला?"
त्यांचे पैसे बिलात लावले नाहीत.
उरलेला रंग जॅमच्या बाटलीत भरून दिला,
आणि एक ब्रश, केस गळणारा.

निघताना त्यानं विचारलं, "मालकाला काय सांगू?"
मी म्हटलं, "खडा लागेल तिथं त्याच दिवशी रंग लाव."
त्यानं विचारलं होतं ते हे नव्हतं,
मला कळत होतं.
धुक्यात त्याचे मागचे दिवे
बराच वेळ लाल दिसत राहिले.