वाटा

तार्तूच्या पूर्वेला जिथे रस्ता संपतो आणि दलदल सुरू होते
तिथून हेल्दुर पोत्यात भरून पीट घेऊन आला.
पाय पुसले नाहीत त्याने.
पांढऱ्या फरशीवर
पाच हजार वर्षांचं शेवाळ ठसे उमटवत आलं.

"आमच्याकडे हे चुलीत जातं. तुम्ही काय करणार?"
"आम्हीही भाजणार," वीर्वे म्हणाली,
"पण जाळणार नाही."

भट्टी नऊशे अंशांवर. आत नुसता नायट्रोजन,
ऑक्सिजनला उंबऱ्यावरच थोपवलेलं.
उडून जायचं ते गेलं,
उरलं ते हलकं, काळं,
बोटाला लागलं तर दोन दिवस न निघणारं.
कोळसा उगाळावा तितका काळाच.
खरं आहे, पण त्या काळ्यात जागा किती
हे उगाळणाऱ्याने कधी मोजलं नसावं:
चार ग्रॅमच्या पुडीत
आख्खं फुटबॉलचं मैदान, घडी घालून ठेवलेलं.

मग प्लॅटिनम, हात आखडून, मिलिग्रॅम मोजत.
हे कण उघड्यावर ठेवले की एकमेकांना बिलगतात,
गोळा होतात, आळसावतात.
म्हणून ज्याला त्याला आपला कोनाडा.

आणि तरीही फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी
सेलवर साधा दिवा लागेना.
कोनाडे फार अरुंद.
प्लॅटिनम आत, कडी लावल्यासारखं,
हवा बाहेर घुटमळत.

हेल्दुरने आलेखाकडे पाहिलंसुद्धा नाही.
"माझा बाप आधी चर खणायचा, मग पीट.
एका वर्षी चर राहिले.
घोडा गेला आमचा."

दुसऱ्या खेपेला वीर्वेने भाजण्याआधी
मॅग्नेशियाची पूड मिसळली,
भाजून झाल्यावर आम्लाने धुऊन काढली.
ती जिथे होती तिथे ती नाही,
एवढंच. पण त्या नसण्यातून
हवा आत शिरली.

नळीच्या टोकाशी एक थेंब लोंबला.
हेल्दुरने बोटावर घेतला. "आमच्या दलदलीचं पाणी?"
"नाही. हे आत्ताच झालं."

तो बराच वेळ बोटाकडे बघत होता.
"किती टिकेल हे?"
वीर्वेने खोटं सांगितलं नाही:
दर वेळी चालू-बंद करताना कार्बन थोडा थोडा खाल्ला जातो.
प्लॅटिनम तसंच असतं,
पण त्याच्या पायाखालचं सरकतं.
"म्हणजे आधारच आधी झिजतो," गुडघा चोळत तो म्हणाला,
आणि रिकामं पोतं नीट घडी करून काखेत मारलं.
"असू दे. परत लागेल."