उधारीची वही

सुपडू बोरसेची कोकिळा सुरतेहून आली,
अमळनेरला उतरली ती थेट माझ्या टपरीवर.
घरीसुद्धा गेली नव्हती.
बॅग फळीवर टेकवून म्हणाली,
भिलाकाका, बाबांची जुनी वही आहे का?

वाटलं, बाकी फेडायला आली.
म्हटलं, पोरी, तुझ्या बापाचं माझ्याकडे काही निघत नाही.
ती म्हणाली, पैसे नाही काका.
कप मोजायचेत.

पोळ्याच्या सुमारास त्याच्या लघवीत रक्त दिसलं.
तीन महिने कुणाला बोलला नाही.
उन्हाळी लागली असेल, म्हणत राहिला,
थंडी पडली तरी.
मग धुळ्याला दुर्बीण घातली.
पिशवीत गाठ, बोराएवढी.

जावयाने कुठंतरी वाचलं होतं, चहाने होतो हा रोग.
बाजारपेठेत बातमी माझ्याआधी पोचली.
दोन दिवस गिऱ्हाइकं ग्लासात डोकावून प्यायली.
गोविंदा न्हावी वस्तरा पुसत ओरडला,
"भिला, तुनावर केस व्हई!"
मी हसलो.
रात्री स्टोव्ह विझवल्यावरही
कानात पंप मारल्याचा आवाज येत राहिला.

पत्र्याच्या पेटीतून वह्या काढल्या.
कोपरे उंदरांनी खाल्लेले.
सुपडू ४. सुपडू ४. सुपडू ४.
एका आषाढात नुसतं सु. ४, मलाही कंटाळा आला असेल.
आणि पानांच्या कडेला त्याचे अंगठे,
निळा, शेंदरी, एका ठिकाणी गर्द जांभळा.
गिरणीत रंगखात्याला होता.
राखेने हात घासून यायचा, तरी नखात रंग उरायचाच.
त्याचा ग्लास विसळला की
बादलीतलं पाणी कुठल्या कापडाचं काम चाललंय ते सांगायचं.

चार कप, तीनशे दिवस, बावीस वर्षं.
कोकिळेने मोबाइलवर गुणाकार केला.
सव्वीस हजार चारशे.
एवढं दूध मी तापवलं?

धुळ्याला मीही गेलो, वही पिशवीत घालून,
साक्षीला जावं तसा.
डॉक्टर पोरगेलासा. आकडा ऐकला, वही बघितली नाही.
म्हणाला, चहाचं ठाम असं काही नाही, काका.
एका पाहणीत हो येतं, दुसरीत नाही येतं.
बिडी?
सुपडू पंख्याकडे बघत राहिला.
आणि रंगाचं काम किती वर्षं?
ते मात्र त्याने लिहून घेतलं.

सुटलो, असं वाटायला हवं होतं मला.
परतीच्या एसटीत, फागणे मागे पडलं तेव्हा,
सुंभ आठवला.

टपरीच्या खांबाला टांगलेला काथ्याचा सुंभ,
सकाळी मीच पेटवायचो, दिवसभर धुमसत राहायचा.
चहा झाला की सुपडू वाकायचा,
बिडीचं टोक लावायचा, डोळे बारीक करून ओढायचा.
प्रत्येक कपामागे एक. कधी दोन.
वहीत त्याचं काही नाही.
विस्तवाचे पैसे मी कधी घेतले नाहीत,
गिऱ्हाईक टिकावं म्हणून.

बिडी बाळूच्या दुकानातली, फेकलेलं थोटूक त्याचं,
रंग शेटजींचा.
आग तेवढी माझी.

ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात आला.
सदरा दोन माणसांचा वाटावा इतका सैल.
बाकड्यावर हळूच टेकला.
"कितला व्हयनात रे एकूण?"
सांगितलं.
"बस? माले वाटनं लाख तरी व्हतीन."

अर्धाच दे म्हणाला. आलं टाकून दिला.
बशीत ओतून प्यायला, पूर्वीसारखा फुंकर मारत,
आणि बशी ठेवता ठेवता
त्याचा उजवा हात आपोआप खांबाकडे गेला.
तिथे खिळा होता.
खाली लाकडावर हातभर काळा ओघळ,
घासून घासूनही निघाला नाही तो.

हात तसाच अधांतरी राहिला.
मग त्याने खिळ्याला टोपी अडकवली.

मी वही उघडली.
सुपडू, लिहिलं,
पुढे अर्धा कसा लिहायचा ते पटकन सुचेना.