अर्ध्या हळकुंडाने

दिवाडीच्या फेरीत मी इंजिनाच्या बाजूला उभा राहतो.
तिथं कुणी बोलायला येत नाही.
खिशात बाटली. साठ कॅप्सूल, हळद, आत मिरीचा अर्क,
लेबलावर एक बाई सूर्याकडे तोंड करून हसते.
भाच्यानं म्हापशाहून पाठवली. फोनवर म्हणाला,
मामा, नैसर्गिक आहे. मूड सुधारतो.

मूड.
एकवीस वर्षं बार्ज चालवली मांडवीत,
ओहोटीला वाळू कुठं वर येते ते तळपायांना कळायचं,
मूड कुठं असतो ते कधी विचारलं नाही.
खाणी बंद झाल्या, बार्ज मोडीत गेली,
आणि मग एका सकाळी
दात घासायचा ब्रश हातात धरून
मी अर्धा तास उभा.
सुलक्षानं येऊन नळ बंद केला. बोलली नाही.

पी हळद आणि हो गोरी,
आई म्हणायची, मी घाई केली की.
रात्री कॅप्सूल गिळतो, सकाळी आरशात बघतो.
गोरा नाही. दाढी तेवढी वाढलेली.

बांबोळीला डॉक्टर केंकरेबाई चष्मा पुसत विचारतात,
झोप? भूक? मरावंसं वाटतं?
तिसरा प्रश्नही पहिल्या दोनांच्याच सुरात,
म्हणून मी खरं सांगितलं.
मग बाटली टेबलावर ठेवली, चोरीचा माल ठेवावा तशी.
त्यांनी लेबल वाचलं. हसल्या नाहीत.
म्हणाल्या, थोडे अभ्यास झालेत, लहान लहान,
खात्रीनं काही सांगता येत नाही.
रक्त पातळ करायची गोळी नाही ना चालू?
घ्या हवी तर, पण हिच्या भरवशावर
माझी गोळी बंद करायची नाही.
तेव्हापासून पांढरी सकाळी, पिवळी रात्री.
मध्ये दिवस.

ऑगस्टात बेनविंदानं कुंपणावरून हाक मारली,
पानां दी रे, पातोळ्यो करतां.
परसातली हळद कमरेइतकी झाली होती
आणि माझ्या गावीही नव्हतं.
कोयत्यानं तीसेक पानं कापली.
हाताला वास राहिला,
हाताला वास राहतो हे पुन्हा पहिल्यापासून शिकलो.
संध्याकाळी झाकलेल्या ताटलीतून सात पातोळ्यो आल्या,
पानाच्या शिरा तांदळावर जशाच्या तशा.
एक खाल्ली. मग आणखी एक.
सुलक्षा मोजत होती, मोजत नसल्यासारखी.

मग नोव्हेंबर.
नोव्हेंबरबद्दल लिहीत नाही.

माघात पानं वाळून आडवी झाली.
कुदळ घातली, माती वर काढली,
खाली बोटांत बोटं अडकवून बसलेली हळद.
एक मोडून बघितलं. टच्च.
आत असला रंग की मी ओरडलो,
अगे, हें पळय गो!
किती महिन्यांनी मी कुणाला काही दाखवायला हाक मारली.
ती पिठाच्या हातांनी धावत आली, काय झालं, काय झालं,
काही झालं नव्हतं.
माझ्या हातात मोडकं, ओलं हळकुंड.

अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालास, म्हणाली ती,
आणि पटकन जीभ चावली.
मी म्हटलं, झालो.
लोकांना अख्खं लागत असेल.

सदरा दोनदा धुतला, डाग गेला नाही.
बेनविंदा म्हणते, साबण फुकट घालवू नकोस,
उन्हात टाक, ऊन खातं हळदीला.
तीन दिवस दोरीवर आहे. फिका होतोय.
मी अधूनमधून जाऊन बघतो,
आणि एकदा, कुणी नाही असं बघून,
सावलीत सरकवला.

उद्या पहिली फेरी, मग बांबोळी, सव्वादहाची वेळ.
बाईंना सांगायचं, झोप पाच तास, भूक बरी.
तिसऱ्याचं उत्तर
रायबंदर येईपर्यंत ठरवीन.