तोच डबा

नाव माझं अफ्राकोमा.
कुमासीत, सुआमेच्या तिसऱ्या गल्लीत,
वेल्डिंगच्या ठिणग्यांपासून हातभर आत
माझं दुकान: एक फळी, एक छत्री,
आणि एकाच तोंडावळ्याचे दोन तऱ्हेचे डबे.

एकाच तोंडावळ्याचे म्हणते खरी, पण
डावीकडच्या डब्यावर कंपनीच्या नावात एक अक्षर कमी आहे.
गिऱ्हाइकाला ते दिसत नाही.
दिसलं तरी त्याआधी किंमत दिसते.

उजवीकडचं ब्रेक पॅड घेतलं की तळहात किंचित खाली जातो.
नाणं मारलं तर बद्द वाजतं,
भरल्या माठावर टिचकी मारावी तसं.
डावीकडचं वाजतं खणखणीत. फसतात ते तिथेच.
नखानं खरवडलं तर भुकटी निघते,
आणि उतारावर तापलं की केस जळल्याचा वास येतो, म्हणतात.
म्हणतात.
मी उतारावर कधी नसते. मी इथे असते, छत्रीखाली.

हरमाटनच्या धुळीत एकदा क्वाकू दांक्वा आला.
त्याची ट्रोट्रो पूर्वी जर्मनीत कुठल्याशा बेकरीची होती,
दारावर अजून पावाचं चित्र आहे,
आणि मागच्या काचेवर त्यानं स्वतः रंगवलेलं:
घाई कुणाला?

तीनशे ऐंशी, मी म्हणाले. आणि हे पंच्याण्णव.
फरक काय?
फरक दोनशे पंच्याऐंशी सेडींचा.
तो हसला. मीही हसले.
खोटं मी बोलत नाही. खरं, विचारल्याशिवाय सांगत नाही.
याला मी इतकी वर्षं धंदा म्हणत आले.

दे डावीकडचं, तो म्हणाला,
मी काय विमान चालवतो?
कोनफळं नेतो नि माणसं नेतो. दोन्ही तक्रार करत नाहीत.
मंगळवारी तर नुसती पोरं भरायचीत,
एजुराची बोर्डिंग शाळा उघडतेय ना.

घरी ट्रंक भरून तयार होती.
गारीची पिशवी, साखर, सार्डिनचे सहा डबे,
आणि झाकणावर आग्येइवानं खिळ्यानं कोरलेलं स्वतःचं नाव,
एकही अक्षर न गाळता.

मी छत्री सरकवायला म्हणून पाठ फिरवली.
उजवीकडचे पॅड डावीकडच्या डब्यात घातले,
पंच्याण्णव मोजून घेतले,
आणि वहीत लिहिलं: एक जोडी उंदरांनी खाल्ली.
लोखंड खाणारे उंदीर. कोण तपासतंय माझी वही?

मंगळवारी संध्याकाळी फोन आला, आई, पोचले.
माम्पाँगच्या घाटात एक बकरी आडवी आली होती म्हणे,
गाडी अशी थांबली की सगळ्यांची डोकी पुढच्या बाकावर.
ती हसत होती.
त्या रात्री झोप लागली, आणि दोनच्या सुमाराला मोडली.
सोमवारी कोण जातं त्या घाटातून?
बुधवारी कोण?
त्यांच्या ट्रंका कुणी भरल्या?

उत्तर म्हणून मी काही केलं नाही.
सकाळी फळी मांडली. दोन्ही डबे मांडले.
हेही सांगायला हवं.

चार महिन्यांनी दांक्वा परत आला.
सोबत सहा ड्रायव्हर.
हीच ती बाई, तो म्हणाला, हाच तो डबा!
चार महिने झाले, लोण्यासारखा ब्रेक लागतो.
लोक उगाच महागाचं घेतात, अस्सल अस्सल करत मरतात.
दे गं यांना. डावीकडचंच दे.

सहा हात पुढे आले, प्रत्येकात पंच्याण्णव.
एकाच्या मनगटाला लेकराचा मणी बांधलेला.

डावीकडचा डबा आता विकायचा नाही, मी म्हणाले.
मागच्या वेळी तुला उजवीकडचं दिलं होतं,
या डब्यात घालून.
उजवीकडचं तीनशे ऐंशी.

दांक्वा बघत राहिला.
मग हळूहळू त्याला हिशेब लागला,
माझा नाही, स्वतःचा:
त्या मंगळवारच्या आधीच्या सगळ्या जोड्या.
चोर, तो म्हणाला.

बरोबर म्हणाला. फक्त उशिरा म्हणाला.
सहाही हात अजून पुढेच होते,
आणि कुणी ते मागे घेईना.