मागच्या वर्षीची भरती

धुकं आहे. लाँच सुटणार नाही.
मी खिडकीतली पाटी उलटी करते.
ती वाचूनसुद्धा माणसं विचारतातच,
"एर्सिलिया, कधी?"
मी म्हणते, थांबा घडीभर.
घडीभर म्हणजे किती, ते चिलोए बेटावर
अजून कुणाला कळलेलं नाही.

लाकूड ओलं. शेगडीत धूर जास्त, ऊब कमी.
बटाट्यांच्या पोत्यांना टेकून पाच मुलं,
त्यातली दोन आधीच हमरीतुमरीवर.
मग मी कपाट उघडते.

आत बंदरखात्याची जुनी कोष्टकं, गठ्ठेच्या गठ्ठे:
भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता,
पाणी किती मीटर.
समुद्राने मागचं सगळं वर्ष मिनिटाबरहुकूम पाळलं
आणि आता ते रद्दीत.
कागद मात्र चांगला आहे. जाडसर.
घातलेली घडी विसरत नाही.

"टोकाला टोक. आता नखाने दाब.
जोरात दाब गं, कागदाला दुखत नाही."
रायेनने नखं कुरतडून संपवलीत,
ती चमच्याने दाबते.

पहिला होतो बेडूक. मार्च महिन्याचा.
त्याच्या पाठीवर सकाळी सहा सत्तावीसची भरती.
ढुंगणावर बोट दाबून सोडलं की
तीन फरशा ओलांडून
थेट म्हाताऱ्या रेमिहिओच्या बुटावर.
रेमिहिओ झोपलेला. बेडूकही मग तिथेच बसून राहतो.

मग भिरभिरं.
ते बाकावर उभं राहूनच सोडायचं असतं,
आणि बाकावर उभं राहायला इथे मनाई आहे.
पाटी मीच रंगवली होती.
मी पाटीकडे पाठ करते.

मग फटाका.
तो शिकवायला नको होता.
कोपरा धरून हात झटकला की फाट्!
रेमिहिओ उठून लाइफजॅकेट शोधू लागतो,
शिंपल्यांच्या व्यापाऱ्याची कॉफी त्याच्याच मांडीवर,
एक तान्हं आधी रडतं,
मग आईकडे बघतं, मग फटाक्याकडे,
आणि हात पुढे करतं: अजून.

नेकुल काचेपाशी आहे.
त्याने नाव करायला घेतली होती,
मध्येच उलटीकडून ओढली.
आता तिला दोन शेपट्या आहेत आणि नाक नाही.
"हे काय रे?"
"पलीकडे जाणारं."
"उडत की तरंगत?"
"ठरलं नाही अजून."

थोड्या वेळाने काउंटरशी येतो, टाचा उंचावून.
"चौदा ऑगस्टचं पान आहे?"
आहे. ते बेडकाचं होणार होतं, पाय तेवढे राहिले होते.
मी उलगडून हाताने सारखं करून देते.
विचारत नाही काही. त्या रात्री
किनाऱ्यावर कंदील घेऊन मीही होते.

तो वाचतो. बोटाने एक ओळ शोधतो.
मग घडी घालतो. घडीवर घडी.
चौथी, पाचवी.
सहाव्या घडीला कागद ऐकेनासा होतो
तरी तो दोन्ही अंगठ्यांनी दाबतच राहतो.
बेडूक नाही, नाव नाही,
काडेपेटीएवढं काहीतरी.
ते खिशात जातं. हातही तिथेच राहतो.

भोंगा.
धुक्यातून आधी डोलकाठी दिसते, मग बाकीची लाँच.
पोती उचलली जातात, कोंबड्या मोजल्या जातात,
मी तिकिटं फाडते. दिवसभर मी तेच करते,
एक, दोन, अर्धं, अर्धं.
फरशीवर भिरभिरी, तुडवलेला मे महिना.
रेमिहिओने बुटावरचा बेडूक
टोपीच्या पट्टीत खोचलाय. त्याला वाटतं, मी पाहिलं नाही.

रायेन दारातून परत येते,
चमचा हातात, भिंतीवर टांगलेल्या
नव्या कोष्टकाकडे बोट.
"ते कधी देणार?"
"ते अजून समुद्राला लागतंय.
जानेवारीत ये."