बर्फ पसरण्याची मजुरी

कॅम्परची उंची तीन मीटर वीस. पुलावरची पाटी म्हणते, दोन नव्वद.
हेझन खाली उतरून दोन्ही आकडे पुन्हा वाचतो,
वाचता वाचता त्यातला एखादा ओशाळेल अशा आशेनं.
मग ब्लूबेरीच्या झुडपांशी गाडी उभी करून
आम्ही बहीणभाऊ, दोघं मिळून एकशे एकोणपन्नास वर्षांचे,
पायीच शिरतो
लाकडी पुलाच्या पोटात.

भर दुपारी आत दिवेलागण.
फळ्यांच्या फटींतून नदी पट्ट्यापट्ट्यांनी दिसते,
भिंतीवर घोड्यांच्या मलमाची जाहिरात, अर्धी उडालेली:
खूर, गुडघे, माणसांचे खांदे,
सगळ्यांना एकच डबी.

पुलाला छप्पर कशाला, पाहुणे विचारतात.
तुळया कुजू नयेत म्हणून. एवढंच.
पण छप्पर घातलं की आत बर्फ पडत नाही,
आणि कोरड्या फळ्यांवर बर्फगाडी करकरत अडते,
घोडे मान खाली घालून उभे राहतात.
म्हणून आमचा बाप, विल्मॉट, सतराव्या वर्षापासून
पहाटे फावडं घेऊन इथं यायचा
आणि बाहेरचा बर्फ आत आणून पसरायचा.
अख्खं न्यू ब्रन्सविक दारापुढचा बर्फ उपसत असताना
हा एकटा तो अंथरत होता,
पंगतीला सतरंजी अंथरावी तसा,
कोपऱ्यांपर्यंत, सुरकुती न ठेवता.
हेझनकडे त्याची वही आहे.
‘पूल, बर्फ पसरला. एक डॉलर दहा.’
खालच्या ओळीत: ‘पुन्हा पसरला. वितळला होता.’
त्याचे पैसे लिहिलेले नाहीत.

दुसरा पूल नव्हताच.
एप्रिलात नदीचा बर्फ फुटला आणि घेऊन गेला,
पेट्रोल भरणारी बाई म्हणाली,
खिडकीतून दिसला मला जाताना, छपरासकट, सरळ उभा.
दोन काठांवर दोन दगडी ओटे, मध्ये हवा.
हेझननं यादीत बरोबरची खूण केली.
न पाहिलेल्यावर कसली खूण, मी म्हटलं.
पाहिला की, तो म्हणाला. नाही तो पाहिला.
यावरून पुढचे चाळीस किलोमीटर आम्ही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी फंडीचा उपसागर.
ओहोटी इतकी खोल की होड्या चिखलात बसलेल्या,
रुसलेल्या म्हशींसारख्या.
आणि टोकावर पांढरं, लाल टोपीचं दीपगृह.
आईचं माहेर.
आईचं माहेर आता आइस्क्रीम विकतं.

खिडकीतल्या मुलीचं नाव मिरेल.
हेझननं मेपल घेतलं, मी काहीच नाही.
आमचे आजोबा इथले राखणदार, असं सांगितल्यावर
तिनं हात पुसले, किल्ली काढली.
अडुसष्ट पायऱ्या. हेझन तीनदा थांबला, आइस्क्रीम सांभाळत.
वर ती म्हणाली, दिवा आता आपला आपण लागतो,
तेव्हा मात्र हे वजन साखळीनं वर ओढावं लागे,
दर तीन तासांनी, नाहीतर भिंग फिरायचं थांबे.
पोरांच्या पाळ्या असत. हे बघा.

चुन्याच्या भिंतीवर पेन्सिल.
आर्थर, अकरा.
थर्झा, दोन.
पाच वाजता कोण, ते पुसलं गेलंय.

आई रोज रात्री दोनला उठायची.
स्वयंपाकघरात, दिवा न लावता, खुर्चीत ताठ.
आम्हाला वाटायचं, गेलेल्या बाळाचं दुःख.
मग वाटलं, बाबांशी बिनसलंय.
मग वय.
शेवटची अकरा वर्षं मी तिला त्यावर गोळी दिली,
अर्धी, रात्री नऊला,
जीभ उचलून बघायचे, गिळली का.

मिरेल म्हणाली, वारा आहे, कठडा धरा.
मी धरला.
हेझनच्या मनगटावरून मेपल ओघळत होतं.

त्या रात्री धुकं होतं. मी गजर लावून झोपले, दोनचा.
जाग आली तेव्हा सात वाजले होते,
गजर कुणीतरी बंद केलेला,
आणि दाराशी हेझनचे बूट, घोट्यापर्यंत ओले.
मी विचारलं नाही.
नकाशा उलगडत तोच म्हणाला,
परत जाताना पहिल्या पुलाशी
एकानं गाडी वळसा घालून न्यायची,
एकानं आतून चालत यायचं.
खिसे चाचपून त्यानं एक नाणं काढलं.
बोल, छापा की काटा?